फोनचा पासवर्ड विसरल्यावर: रीसेटच्या आधी आणि नंतर काय करावे

स्क्रीन लॉक विसरलेला फोन घेऊन तुम्ही कोणत्याही मोबाइलच्या दुकानात गेलात, तर पलीकडून बहुधा एकच प्रश्न येतो: "डेटा गेला तर चालेल ना?" प्रश्न रास्त आहे, पण तो फार लवकर विचारला जातो, आणि घाबरलेला माणूस "चालेल" म्हणून मोकळा होतो. फोन पुसला जातो, सुरू होतो आणि मग पडद्यावर आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागितला जातो. तोही आठवत नसतो. म्हणजे फोटो गेले ते गेलेच, आणि फोनही उघडत नाही.

आमच्या घरी सासऱ्यांच्या फोनचे आणि नंतर ओळखीतल्या काही ज्येष्ठांच्या फोनचे हे प्रकरण मला निस्तरावे लागले. या कामात अवघड असे थोडेच असते; घोळ होतो तो क्रम चुकल्यामुळे. शिक्षणासाठी पुण्यात नव्याने येऊन खोली घेऊन राहणारी मुले आणि मुले परगावी असल्याने एकटे राहणारे आईवडील, या दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. फोन पुन्हा वापरता येणे आणि फोनमधली माहिती परत मिळणे ही दोन वेगळी कामे आहेत. आजच्या अँड्रॉइड फोनची आणि आयफोनची साठवण सांकेतिक रूपात बदललेली असते आणि ती उलगडणारी किल्ली तुमच्या पिनशी किंवा पॅटर्नशी जोडलेली असते. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांना ही व्यवस्था सक्तीची आहे. त्यामुळे पिन माहीत नसेल, तर फोन बनवणारी कंपनीसुद्धा आतले फोटो काढून देत नाही, मग गल्लीतला दुकानदार ते कोठून देणार? तुमच्या हाती येऊ शकते ते फोनच्या बाहेर, म्हणजे गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यात, मेमरी कार्डावर किंवा संगणकावर आधीच गेलेले असते तेवढेच. म्हणून खाते आधी ताब्यात घ्यावे, बाहेर काय शिल्लक आहे ते पाहावे आणि रीसेटला, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करण्याला, सर्वांत शेवटी हात घालावा.

जवळ काय असावे

- फोनचे मूळ बिल, शक्यतो आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, छापलेले. बिल नसेल तर निदान फोनचा खोका. त्याच्या बाजूच्या चिठ्ठीवर हा १५ अंकी क्रमांक असतो.
- ज्याच्या नावावर फोन आणि सिम आहे त्याचे ओळखपत्र.
- घरातलाच, विश्वासाचा दुसरा चालू फोन आणि जमल्यास संगणक.
- चांगली डेटा केबल. काही स्वस्त केबलींमधून फक्त चार्जिंग होते, त्यांचा इथे उपयोग नाही.
- सिमचा ट्रे उघडायची पिन.
- कागद आणि पेन. यात थट्टा नाही. कोणता पिन टाकून पाहिला, कोणता ईमेल पत्ता चालला नाही, हे लिहून ठेवले नाही तर माणूस त्याच त्या चुका पुन्हा करतो.

१. अंदाज बांधणे थांबवा

चुकीचा पिन पुनःपुन्हा टाकल्याने फोन लवकर उघडत नाही, उलट प्रत्येक वेळी थांबावे लागणारा अवधी वाढतो. अँड्रॉइडवर साधारण पाच चुकांनंतर अर्धा मिनिट थांबावे लागते आणि पुढे हा काळ वाढत जातो. आयफोनवर तो मिनिटांवरून तासांवर जातो आणि शेवटी फोन 'अनुपलब्ध' असल्याची पाटी दाखवून थांबतो. आयफोनमध्ये दहा चुकांनंतर सर्व माहिती पुसण्याची सोय कोणी आधी चालू करून ठेवली असेल, तर दहावा अंदाज फारच महाग पडतो.

त्याऐवजी फोन बाजूला ठेवा आणि कागदावर शक्यता मांडा. पॅटर्न असेल तर नऊ ठिपके काढून त्यावर बोट फिरवून पाहा. पॅटर्न पुष्कळदा डोक्यापेक्षा अंगठ्याला जास्त आठवतो. सासऱ्यांना "तुमचा पॅटर्न काय?" असे विचारले की ते गोंधळून जात, पण बंद पडद्याचा फोन नेहमीप्रमाणे डाव्या हातात दिला आणि दुसरेच काही बोलत राहिलो, की त्यांचा उजवा अंगठा वरच्या कोपऱ्यापासून खाली उतरून आपोआप उजवीकडे वळत असे. तेवढे वळण आम्ही कागदावर उतरवून घेतले आणि पुढच्या जोडण्या त्यावरून शोधल्या.

अक्षरांचा पासवर्ड असेल तर कळफलकाची भाषा पाहा. तो मराठीवर गेलेला असेल किंवा पहिले अक्षर आपोआप मोठे होत असेल, तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

२. बोटाचा ठसा चालत असेल तर फोन बंद पडू देऊ नका

पुष्कळांना पिन आठवत नाही, पण बोटाने फोन उघडत असतो. एके दिवशी चार्जिंग संपून फोन बंद पडतो आणि पुन्हा सुरू केल्यावर तो फक्त पिन मागतो. सुरू झाल्यानंतर पहिल्यांदा उघडताना ठसा किंवा चेहरा चालत नाही, हा अँड्रॉइडचा आणि आयफोनचा दोघांचाही नियम आहे. शिवाय फोन बंद न होतासुद्धा अँड्रॉइड काही काळाने, बहुतेक फोनांत ७२ तासांनी, पिन मागतोच.

म्हणून पिन आठवत नसल्याचे लक्षात आले आणि ठसा अजून चालत असेल, तर त्या क्षणी फोन चार्जरला लावा आणि पुढील कामे त्याच बैठकीत उरका:

- फोनमध्ये कोणती जीमेल खाती आहेत, ते सेटिंगमध्ये पाहून कागदावर अक्षर न अक्षर उतरवा.
- फोटो गूगल फोटोजमध्ये चढवा किंवा केबलने संगणकावर उतरवा. केबल जोडल्यावर फोनवर 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर संगणकाला काहीच दिसत नाही.
- व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप हाताने घ्या, आणि तो कोणत्या जीमेल खात्यात जातो तेही लिहून ठेवा.
- संपर्क फोनमध्ये साठवले आहेत की गूगल खात्यात, ते पाहा.
- बँकेच्या किंवा ऑफिसच्या प्रवेशासाठी ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरत असाल, तर त्यातली खाती दुसऱ्या फोनवर हलवा.

"बोटाने उघडतोय ना, मग पिनच बदलून टाकू" असे साहजिकच मनात येते. नवा पिन ठेवण्याआधी फोन जुना पिन मागतो, त्यामुळे ही वाट बंद आहे.

आयफोनवाल्यांना एक सवलत आहे. आयओएस १७ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल आणि पासकोड गेल्या ७२ तासांतच बदललेला असेल, तर चुका झाल्यावर येणाऱ्या 'फरगॉट पासकोड' या पर्यायातून जुना पासकोड टाकून आत जाता येते. काल रात्री उत्साहाने नवा पासकोड ठेवून सकाळी विसरलेल्यांसाठीच ही सोय केलेली दिसते. काही सॅमसंग फोनांत सॅमसंग खात्यातून दुरून कुलूप उघडण्याची सोय असते, पण ती आधी चालू करून ठेवलेली असावी लागते.

३. सिमकार्ड बाहेर काढा

पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी ओटीपीवर अवलंबून आहे आणि ओटीपी येतो तो नेमका कुलूपबंद फोनवर. सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला. सिमला स्वतंत्र पिन लावलेला असेल तर तो फोनच्या पिनहून वेगळा असतो. तीनदा चुकला की पीयूके क्रमांक लागतो, जो सिमच्या मूळ कार्डावर छापलेला असतो किंवा मोबाइल सेवेच्या कंपनीकडून मिळतो. पीयूके दहा वेळा चुकला की ते सिम कायमचे निकामी होते, म्हणून तिथे अंदाज बांधू नका.

दुसऱ्या फोनमध्ये सिम घातल्यावर तिथे व्हॉट्सअ‍ॅप सुरू करण्याचा मोह मात्र आवरावा. तसे केले की कुलूपबंद फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅप बंद होते. त्यात तिथे तुमचेच जीमेल खाते जोडून जुना बॅकअप न उतरवता व्हॉट्सअ‍ॅप चालू केले, तर नवा, रिकामा बॅकअप जुन्याच्या जागी जाऊन बसण्याचा धोका असतो.

ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच असलेले सिम, असेल तर ते बाहेर काढता येत नाही. कुलूप असले तरी येणारा फोन उचलता येतो, त्यामुळे ओटीपी संदेशाऐवजी फोनवरून ऐकवण्याचा पर्याय मिळाला तर तो घ्या. तेही जमले नाही तर ओळखपत्र घेऊन मोबाइल सेवेच्या कंपनीच्या दालनात जाऊन त्याच क्रमांकाचे साधे सिम घ्यावे लागते. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवले जातात. फसवणूक टाळण्यासाठीचा हा नियम आहे, दुकानातल्या कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे. तेवढा दिवस हिशेबात धरूनच पुढचे बेत करा.

४. खाते ताब्यात घ्या

सगळे प्रकरण इथे सुटते किंवा इथेच अडते, म्हणून या पायरीला हवा तेवढा वेळ द्या.

अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये एक संरक्षण आहे. स्क्रीन लॉक न उघडता फोन बाहेरून रीसेट केला, तर सुरू झाल्यावर तो आधी जोडलेल्या गूगल खात्याची खात्री पटवून मागतो. तांत्रिक भाषेत याला एफआरपी म्हणतात. आयफोनमध्ये हेच काम 'अ‍ॅक्टिव्हेशन लॉक' करतो. तो २०१३ पासून आहे. चोरलेला फोन चोराच्या उपयोगी पडू नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि ती खऱ्या मालकालाही तितक्याच काटेकोरपणे अडवते.

आता अडचण अशी की, अनेकांना आपले गूगल खाते कोणते हेच ठाऊक नसते. फोन घेताना दुकानातल्या मुलाने तिथल्या तिथे जीमेल उघडून दिलेले असते, नावापुढे जन्मसाल आणि दोन-चार अंक जोडून. पासवर्ड त्याने टाकला, फोन सुरू झाला, पेढे वाटले आणि विषय संपला. ज्येष्ठांच्या फोनमध्ये तर हा प्रकार सर्रास आढळतो.

असे असेल तर पुढीलप्रमाणे जा.

आधी पत्ता शोधा. गूगलच्या साइन-इन पानावर 'ईमेल विसरलात?' असा पर्याय असतो. तिथे मोबाइल क्रमांक आणि खात्यावरचे नाव दिले, की त्या क्रमांकाशी जोडलेले पत्ते दिसतात. नाव ज्या लिपीत, ज्या स्पेलिंगने नोंदवले असेल तसेच द्यावे लागते. मराठीत दिलेले नाव चालले नाही तर इंग्रजीत द्या, आडनाव गाळून पाहा. पूर्वी कोणाला त्या पत्त्यावरून मेल गेली असेल तर त्यांच्याकडे शोधा. वीजबिल, गॅस, रेल्वेचे आरक्षण, बँकेचे पासबुक अशा ठिकाणी दिलेला ईमेलही बहुधा तोच असतो.

मग पासवर्ड बदलून घ्या. गूगलच्या खाते-पुनर्प्राप्तीच्या पानावर हे करताना जागा आणि यंत्र ओळखीचे असू द्या. ज्या घरच्या वायफायवर तो फोन रोज चालत होता तेच वायफाय, आणि शक्य असल्यास ज्या संगणकावर ते खाते पूर्वी उघडले होते तोच संगणक वापरा. गूगल या गोष्टी ताडून पाहते. सायबर कॅफेत किंवा मित्राच्या खोलीवर बसून तीच उत्तरे दिली तर नकार येण्याची शक्यता वाढते. प्रश्नांची उत्तरे गाळू नका. जुना पासवर्ड विचारला तर जो आठवतो तो द्या, अंदाजही चालतो. काही जणांनी पूर्वी बॅकअप कोड छापून ठेवलेले असतात. आठ आठ अंकांचे ते दहा कोड एखाद्या फाइलीत सापडले, तर काम फार सोपे होते.

ओळख पटवण्यासाठी गूगल कधी कधी "तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे" असे म्हणते आणि ती सूचना कुलूपबंद फोनवर जाऊन पडते. अशा वेळी 'दुसरा मार्ग वापरा' हा पर्याय निवडून ओटीपीवर किंवा पर्यायी ईमेलवर जा.

पासवर्ड बदलला की लगेच रीसेट करू नका. नवा पासवर्ड सगळीकडे पोहोचेपर्यंत २४ तास थांबा, असे गूगलचेच सांगणे आहे. रीसेट करून लगेच नवा पासवर्ड टाकला तर फोन तो नाकारू शकतो.

अ‍ॅपल खात्याचा पासवर्डही असाच त्यांच्या संकेतस्थळावरून किंवा घरातल्या दुसऱ्या आयफोनवरून बदलता येतो. ओळख पुरेशी पटली नाही तर अ‍ॅपल प्रतीक्षाकाळ लावते आणि तो काही दिवसांचा असू शकतो. तो कमी करून देण्याचा अधिकार कस्टमर केअरलाही नसतो.

५. काय वाचले आहे ते आधी पाहा

खाते उघडले की संगणकावरून गूगल फोटोज, गूगल संपर्क आणि ड्राइव्हमधला बॅकअपचा भाग पाहा. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते तिथे दिसते. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपची तारीखही तिथेच कळते.

एक खाचखळगा मात्र फार थोड्यांना माहीत असतो. अँड्रॉइडचा जो पूर्ण बॅकअप गूगलकडे असतो, त्यातला काही भाग जुन्या स्क्रीन लॉकनेच बंद केलेला असतो. तो नव्याने उतरवताना जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न विचारला जातो. विसरलेला पिन इथेही आडवा येतो. फोटो, संपर्क आणि मेल मात्र खात्याच्या पासवर्डवर मिळतात, त्यांना याची झळ बसत नाही.

संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब चालू असेल तर ते सोडू नका. मूळ फोन वापरात नसला तरी जोडलेला संगणक १४ दिवस चालू राहतो. तेवढ्या अवधीत महत्त्वाची कागदपत्रे, फोटो आणि आवाजी संदेश संगणकावर उतरवून घेता येतात.

फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ते काढून कार्ड रीडरने संगणकावर पाहा. कार्ड फोनशी सांकेतिक रूपात बांधलेले नसेल तर त्यावरचे फोटो जसेच्या तसे मिळतात.

एवढे करूनही आत काही अडकले असेल आणि ते मोलाचे असेल, तर घाई करू नका. फोन बंद करून कपाटात ठेवा आणि काही दिवस दुसऱ्या फोनवर काढा. पिन आठवला तर सगळे परत मिळेल; रीसेटनंतर मात्र आठवूनही उपयोग नसतो.

६. अँड्रॉइड फोन रीसेट करणे

दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग दुरूनचा. गूगलच्या 'फाइंड हब' या सेवेत (२०२५ पर्यंत तिचे नाव 'फाइंड माय डिव्हाइस' असे होते) तुमच्या खात्याने जा, फोन निवडा आणि तो पुसण्याचा पर्याय घ्या. यासाठी फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. घरात वायफाय नसेल आणि सिम तुम्ही काढून ठेवले असेल, तर आज्ञा फोनपर्यंत पोहोचणारच नाही. सिम पुन्हा आत घाला. याच सेवेत फोन सुरक्षित करण्याचाही पर्याय दिसतो, पण त्याने आधीच असलेला पिन बदलत नाही.

दुसरा मार्ग फोनच्या बटणांचा.

अ) फोन पुरेसा चार्ज करा आणि मग पूर्ण बंद करा. पुसण्याचे काम अर्ध्यावर असताना फोन बंद पडणे बरे नाही.

आ) बहुतेक फोनांत पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबून धरावे लागते, पिक्सेलमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनांत फोन केबलने संगणकाला जोडलेला नसेल तर हा पडदा येतच नाही. तासन्‌तास बटणे दाबून वैतागलेल्यांची अडचण बहुधा हीच असते.

इ) काळ्या पडद्यावर इंग्रजी यादी येते. काही फोनांत आधी 'नो कमांड' अशी पाटी आणि आडवा पडलेला रोबो दिसतो; तिथे पॉवर दाबून धरून आवाज वाढवण्याचे बटण एकदा दाबले, की यादी उघडते.

ई) आवाजाच्या बटणांनी खाली सरकत 'वाइप डेटा / फॅक्टरी रीसेट' या ओळीवर या आणि पॉवर बटणाने ती निवडा. खात्रीचा प्रश्न विचारला जाईल, तिथे पुन्हा होकार द्या.

उ) काम झाले की 'रीबूट सिस्टीम नाऊ' निवडा. पहिल्यांदा सुरू व्हायला फोन बराच वेळ घेतो. कंपनीचे चिन्ह पाच-दहा मिनिटे दिसत राहिले तरी बटणांना हात लावू नका.

ऊ) वायफाय जोडल्यावर फोन आधीचे गूगल खाते मागेल. चौथी पायरी नीट केली असेल तर इथे काहीच अडत नाही. काही कंपन्यांच्या फोनांत गूगलशिवाय कंपनीचे स्वतःचे खातेही मागितले जाते. शाओमीच्या फोनांत त्या कंपनीचे 'Mi' खाते जोडलेले असेल तर त्याचाही पासवर्ड शोधून ठेवावा.

ई-सिम असलेल्यांनी पुसताना ई-सिम ठेवायचे की काढायचे असा प्रश्न आल्यास ते ठेवावे.

७. आयफोन पुसणे

काही चुकांनंतर लॉक पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात 'फरगॉट पासकोड' किंवा आयफोन पुसण्याचा पर्याय येतो. ही सोय आयओएस १५.२ पासून आहे. फोनला इंटरनेट असले आणि अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड ठाऊक असला, तर संगणकाशिवाय तिथूनच सर्व काम होते. तो पर्याय दिसत नसेल तर फोन बंद करून बाजूचे बटण दाबून धरत संगणकाला जोडा. केबल आणि संगणकाचे चित्र दिसेपर्यंत बटण सोडू नका. मॅकवर फाइंडरमध्ये, विंडोजवर अ‍ॅपल डिव्हाइसेस किंवा आयट्यून्समध्ये 'रीस्टोअर' निवडा. आपल्याकडच्या वायफायच्या वेगात डाउनलोड १५ मिनिटांपलीकडे गेले, तर फोन त्या स्थितीतून आपोआप बाहेर पडतो. तसे झाल्यास डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणाची कृती पुन्हा करा. जुन्या आयफोनांत बाजूच्या बटणाऐवजी होम किंवा आवाजाचे बटण वापरावे लागते.

आयक्लाउडचा बॅकअप असेल तर तो सुरुवातीच्या मांडणीतच उतरवण्याचा पर्याय मिळतो.

८. दुकानात जावेच लागले तर

खाते सापडत नसेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा. मूळ बिल तिथेच उपयोगी पडते. बिलावरचा क्रमांक आणि फोनचा आयएमईआय जुळला, तर मालकी सिद्ध करून खात्याचे कुलूप काढण्याची विनंती करता येते. अ‍ॅपल अशी विनंती खरेदीच्या पुराव्यावर स्वीकारते. हस्तलिखित, क्रमांक नसलेले बिल बहुधा चालत नाही. फोन ठेवून यायचे असेल तर जॉबशीटवर आयएमईआय लिहिला आहे ना, हे काउंटर सोडण्यापूर्वी पाहा आणि सिम व मेमरी कार्ड स्वतःकडे ठेवा.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा उपनगरातल्या कोपऱ्यावरच्या दुकानांत हे काम पटकन होते, हे खरे आहे, आणि तिथे बसणाऱ्या मुलांचे हात खरोखर सरावलेले असतात. अशा एका काउंटरवर मी उभा असताना शेजारच्या बाईंना दुकानदाराने मान वर न करता सांगितले, "मावशी, जीमेल सांगा, पासवर्ड सांगा, बसा पाच मिनिटं." बाईंनी पर्समधून डायरी काढली आणि पान उघडून त्याच्यापुढे ठेवले. त्या पानावर जीमेलच्या खाली एटीएमचा पिनही लिहिलेला होता. दुकानदाराने तिकडे पाहिलेही नसेल, पण डायरी काउंटरवर उघडी होती आणि मागे चार माणसे उभी होती. पासवर्ड टाकायचा असेल तर तो फोन हातात घेऊन तुम्ही स्वतः टाका.

याखेरीज पुढील गोष्टींपासून सावध राहा.

- "डेटा न घालवता लॉक काढून देतो" असे सांगून आगाऊ पैसे मागणारा दुकानदार. अद्ययावत फोनच्या बाबतीत हा दावा खरा नसतो.
- इंटरनेटवर मिळणारी लॉक काढण्याची सॉफ्टवेअरे. अनेक सॉफ्टवेअरे शेवटी फोन पुसूनच देतात, तेही पैसे घेऊन. काहींबरोबर संगणकात नको ते शिरते.
- शोधात सर्वांत वर दिसणारे कस्टमर केअरचे क्रमांक. यातले कित्येक खोटे असतात. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा खोक्यावरून घ्या. बोलताना कोणी स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप घ्यायला सांगितले किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.
- आयएमईआय बदलून देण्याची तयारी दाखवणारा माणूस. हा गंभीर गुन्हा आहे, आणि त्यात दुकानदाराबरोबर तुम्हीही अडकाल.

फोन जुना, दुसऱ्याचा वापरलेला घेतला असेल आणि आधीच्या मालकाचे खाते मागत असेल, तर त्या मालकाला गाठण्यावाचून चांगला उपाय नाही. तो स्वतःच्या खात्यातून ते यंत्र काढून टाकू शकतो. जुन्या बाजारात किंवा ओळखीशिवाय बिलाविना फोन घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय काढावा आणि इंग्रजीत KYM लिहून, एक जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. चोरीला गेल्याची तक्रार होऊन रोखलेला फोन असेल तर तिथे कळते. या व्यवस्थेची सुरुवात २०१९ मध्ये महाराष्ट्रातच झाली आणि २०२३ पासून ती सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर देशभरासाठी खुली आहे.

९. फोन उघडल्यानंतर

गूगल खाते आधी जोडा, मग सिम घाला आणि मगच व्हॉट्सअ‍ॅप घ्या. त्याचा बॅकअप उतरवण्याचा प्रश्न फक्त पहिल्यांदा मांडणी करताना विचारला जातो. घाईने 'नको' म्हटले तर अ‍ॅप काढून पुन्हा घ्यावे लागते. क्रमांक तोच आणि जीमेल खातेही तेच असावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपचा स्वतंत्र सहा अंकी पिन विसरला असाल आणि त्याला ईमेल जोडलेला नसेल, तर सात दिवस थांबावे लागते.

यूपीआय आणि बँकेची अ‍ॅपे सिमवरून एसएमएस पाठवून फोनची पुन्हा नोंदणी करतात. सिममध्ये थोडी शिल्लक असू द्या, आणि सुरुवातीला व्यवहाराची मर्यादा कमी असते हे लक्षात घेऊन घरभाड्याची तारीख सांभाळा. यूपीआय पिन विसरला असेल तर डेबिट कार्डाचे तपशील किंवा आधारचा ओटीपी देऊन तो नव्याने ठेवता येतो.

गूगल खात्यात पुनर्प्राप्तीसाठी घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी क्रमांक जोडा. स्वतःचाच क्रमांक दोन्हीकडे दिलेला असेल तर फोन अडकला की ओटीपीही अडकतो. दहा बॅकअप कोड छापून लाइटबिलाच्या किंवा घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवण्यात काही अर्थ नाही. फोनचे बिलही त्याच फाइलीत लावा आणि आयएमईआय त्यावर पेनाने ठळक लिहा, कारण थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात पुसट होते.

नवा पिन ठेवल्यावर पहिला आठवडा बोटाचा ठसा जोडू नका. दर वेळी पिनच टाका. ज्येष्ठांच्या फोनवर तर हे आवर्जून करा, आणि ठसा जोडल्यानंतरही दर रविवारी एकदा फोन बंद करून सुरू करायची सवय लावा, म्हणजे पिन टाकावाच लागतो.